बरोक व्हायोलिन : आधी शहर निवडा, मग वाद्य

व्हायोलिनची आठवी ग्रेड झालेली, हात तयार असलेली मुलगी एक दिवस घरी सांगते की तिला सिम्फनी ऑर्केस्ट्रात चायकोव्स्की वाजवत बसायचं नाही. तिला बीबर आणि कोरेल्ली वाजवायचे आहेत, तेही आतड्याच्या तारांवर, हनुवटीखाली आधार न घेता. आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात पोट भरतं का? भरतं. मात्र ते भरण्याची रीत नोकरीसारखी नसते. या क्षेत्रात जाहिरात पाहून अर्ज केला आणि निवड झाली, असं क्वचितच घडतं. माणसं माणसांना बोलावतात. शिकताना तुम्ही कोणत्या शहरात होता, शेजारच्या खोलीत चेंबालो (हार्पसिकॉर्ड) कोण वाजवत होतं, यावर पुढच्या वीस वर्षांची कमाई बऱ्याच अंशी ठरते. म्हणून या लेखात वाद्य, गज, तारा यांच्याबद्दल लिहायचंच आहे, पण माझा भर शहरावर राहील.

आधी पेशा समजून घेऊ. साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या वादनपद्धतीनुसार वाजवायचं, हे याचं मूळ काम. प्रत्यक्षात मोंटेव्हेर्डीपासून मोझार्टपर्यंत आणि आता ब्राम्सपर्यंतही ही मंडळी जातात. चळवळ म्हणून याला बराच इतिहास आहे. आर्नोल्ड डोलमेचने जुन्या वादनपद्धतीवरचं पुस्तक १९१५ साली काढलं. बाझेल शहरात पॉल साखर यांनी १९३३ मध्ये स्कोला कांतोरुम ही संस्था उभी केली. १९५३ मध्ये व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर यांनी कोन्त्सेंतुस मुझिकुस सुरू केलं. सत्तरच्या दशकात जे होते ते झपाटलेले प्रयोगकर्ते होते. सिगिस्वाल्ड कौकेन यांनी १९६९ च्या सुमारास व्हायोलिन हनुवटीने न धरता नुसतं खांद्यावर टेकवून वाजवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना हे शिकवायला कोणी नव्हतं. आज त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य युरोपभर शिकवतात. पायवाट जाऊन आता रस्ता झाला आहे आणि त्यावर गर्दीही आहे, हे नव्याने येणाऱ्याने लक्षात ठेवावं.

घरबसल्या सुरुवात करायची तर लगेच नवं व्हायोलिन घेऊ नका. हा सल्ला बहुतेक शिक्षक देतील. आधी गज घ्या. आजचा गज फ्रांस्वा तूर्तने १७८०च्या दशकात घडवलेल्या नमुन्याचा आहे. त्याची काठी केसांच्या बाजूला आत वळलेली असते आणि टोकापर्यंत सारखा जोर देते. बरोक गज आखूड असतो, काठी सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली, टोक हलकं. त्यामुळे गज ओढताना सूर भरदार येतो आणि ढकलताना आपोआप हलका पडतो. नव्या गजाने हा फरक पुसायचा असतो, जुन्या गजाने तो वापरायचा असतो. गेओर्ग मुफातने १६९८ मध्ये ल्युलीच्या वादकांची पद्धत लिहून ठेवली, तिचा गाभा हाच : मात्रेच्या जोराच्या जागी ओढीचा गज, आणि त्यासाठी कुठे गज पुन्हा उचलून आणायचा याचे नियम. मिन्युएट किंवा कूरांत नाचता येईल असं वाजायला लागतं ते या गजामुळे. महागडं वाद्य आणि आधुनिक गज यापेक्षा साधं वाद्य आणि चांगला बरोक गज तुम्हाला अधिक शिकवेल.

त्यानंतर तारा. आतड्याच्या तारा आपल्याला अगदी परक्या नाहीत. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्याच असतात आणि सारंगीवाल्यांना पावसाळ्यात त्या कशा छळतात हे कुणालाही विचारा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत तात फुगते, सूर उतरतात-चढतात, पृष्ठभागावर तंतू सुटतात. सुटलेला तंतू ओढू नये, नेलकटरने तारेलगत कापावा. वरची ई तार सर्वांत आधी तुटते, म्हणून ती एकदम अनेक मागवून ठेवावी. इटलीतल्या आक्विला किंवा जर्मनीतल्या क्युर्शनर यांच्या तारा परदेशातून मागवाव्या लागतात. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेरच्या उकाड्यात वाद्य काढलं तर अर्धा तास फुकट जाणार हे धरून चाला. हळूहळू चिनरेस्ट काढा. लुडविग श्पोरने तो १८२० च्या आसपास प्रचारात आणला, त्यामुळे बाखच्या काळातल्या वादकाने तो पाहिलेलाच नव्हता. सुरुवातीला गळ्याशी सांबराच्या कातड्याचा मऊ तुकडा ठेवला की वाद्य घसरत नाही. उच्च स्वरस्थानावरून खाली येताना हनुवटीची पकड नसते, त्यामुळे अंगठ्याने मानेवरून मुंगीच्या चालीने खाली सरकावं लागतं. हे अंगी मुरायला काही महिने जातात आणि तेवढ्या काळात तुमचं वादन तुम्हालाच नवशिक्याचं वाटेल.

पट्टीचा मुद्दा आपल्या वाचकांना पटकन समजेल. आधुनिक ऑर्केस्ट्रात ए हा सूर ४४० हर्ट्झचा, म्हणजे पांढरी सहा. बरोक मंडळी प्रमाण म्हणून ४१५ धरतात, म्हणजे जवळजवळ काळी चार. फ्रेंच संगीतासाठी ३९२, म्हणजे पांढरी पाच. सतराव्या शतकातल्या व्हेनिसच्या आसपासच्या रचनांना ४६५ पर्यंत, काळी पाचला, चढतात. एकाच आठवड्यात तीन पट्ट्या वाजवायची वेळ येते. ज्यांना प्रत्येक सूर नावानिशी ओळखू येतो अशा वादकांचे यात हाल होतात, कारण कागदावर ए लिहिलेला असतो आणि कानात ए-फ्लॅट वाजतो. षड्ज हवा तिथे ठेवण्याची सवय असलेल्या हिंदुस्थानी कानाला हा त्रास नसतो. स्वरांच्या जागांबाबतही तसंच. सतराव्या शतकातल्या मीनटोन पद्धतीत गंधार स्वयंभू असतो, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तोच, पियानोच्या गंधारापेक्षा स्पष्टपणे उतरलेला. जी-शार्प हा ए-फ्लॅटपेक्षा खाली असतो. आधुनिक व्हायोलिन शिकलेल्याला शार्प वर ढकलण्याची सवय असते आणि ती मोडावी लागते. तानपुऱ्यावर रोज अर्धा तास बसलेला माणूस इथे दोन पावलं पुढे असतो.

एवढ्यावर भुलून जाऊ नका, असंही लगेच सांगतो. आलापी येते म्हणून कोरेल्लीच्या आदाज्योला अलंकार लावता येतील, हा समज काही हुशार मुलांना महागात पडतो. कोरेल्लीचा ओपस ५ रोममध्ये १७०० साली छापला गेला. त्यातल्या संथ भागांत नुसते लांब सूर दिसतात. अॅम्स्टरडॅमच्या रोझे या प्रकाशकाने १७१० मध्ये जी आवृत्ती काढली, तिच्यात ते भाग कोरेल्ली स्वतः जसे वाजवत असे म्हणून अलंकारांसह दिले आहेत. हे अलंकार खालच्या बासशी आणि त्यावरच्या स्वरसंगतीशी बांधलेले असतात. खाली बास बदलला की वरची नक्षी बदलते. ही दृष्टी रागसंगीतातून येत नाही, ती स्वतंत्रपणे शिकावी लागते. त्यासाठी थोडा तरी चेंबालो हाताखाली असावा. आकडे लिहिलेल्या बासवरून साधी साथ करता आली की व्हायोलिनची निम्मी कोडी सुटतात.

वाचनाची आवड नसेल तर हा पेशा निवडू नका. इतर वादकांपेक्षा इथे वेगळं काय लागतं असं कोणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगेन. सुदैवाने मूळ हस्तलिखितं आणि पहिल्या छापील प्रती आयएमएसएलपीसारख्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. बाखच्या एकल सोनाता आणि पार्तितांची १७२० ची स्वहस्ते लिहिलेली प्रत उघडून बसा आणि तुमच्या शिक्षकांनी दिलेल्या विसाव्या शतकातल्या आवृत्तीशी ताडून पाहा. संपादकाने किती ठिकाणी बांधणी बदलली आहे हे पाहून धक्का बसेल. बीबरच्या रोझरी सोनाता घ्या. पंधरा सोनाता आणि शेवटी एक पासाकाल्या. पहिली सोनाता आणि पासाकाल्या सोडले तर बाकी सगळ्यांत तारा वेगवेगळ्या सुरांत लावायच्या असतात. पुनरुत्थानाच्या अकराव्या सोनातात तर मधल्या दोन तारा एकमेकींवरून ओलांडून लावाव्या लागतात. कागदावरचा सूर आणि कानावर पडणारा सूर यांचा तिथे काहीच संबंध राहत नाही. फ्रेंच छापील प्रतींत जी-क्लेफ सर्वांत खालच्या रेषेवर असते, तीही सरावाने वाचता आली पाहिजे.

जुने ग्रंथ वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : ते एकमेकांशी भांडतात. जेमिनियानीचा व्हायोलिनवरचा ग्रंथ लंडनमध्ये १७५१ ला निघाला. कंप शक्य तितक्या वेळा वापरावा असं त्याचं म्हणणं. पाचच वर्षांनी लेओपोल्ड मोझार्टने आउग्सबुर्गमध्ये आपला ग्रंथ काढला आणि प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्यांची टर उडवली. म्हणजे ‘बरोकमध्ये कंप नसतो’ हे जे सरसकट सांगितलं जातं, ते अर्धवट वाचलेल्यांचं मत आहे. कोणत्या गावातल्या, कोणत्या दशकातल्या, कोणत्या प्रकारच्या रचनेसाठी कोणाचं ऐकायचं हे ठरवणं हेच या वादकाचं काम. परीक्षेत आणि पहिल्या तालमीत लोक हेच हेरतात : याने कोणाकडून तरी उचललं आहे की स्वतः विचार केला आहे.

आता शहर. फ्रायबुर्गमधल्या संगीत विद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी १९८५ च्या वर्षअखेरीला आपलं बरोक पथक काढायचं ठरवलं, १९८७ मध्ये पहिली मैफल केली आणि त्यातून फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्रा उभा राहिला. व्हायोलिनवादक राइनहार्ड ग्योबेल यांनी सहाध्यायांना घेऊन १९७३ मध्ये मुझिका आंतिक्वा क्योल्न काढलं. बरोक व्हायोलिनवादक रेचेल पॉजर गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकत असताना ज्यांच्याबरोबर वाजवत होत्या, त्यांतूनच पॅलेडियन एन्सेंबल आणि फ्लोरिलेजियम ही पथकं निघाली. पुढे १९९७ ते २००२ त्या इंग्लिश कॉन्सर्टच्या अग्रवादक होत्या. त्यानंतर वेल्समधल्या ब्रेकन या लहानशा गावात त्यांनी स्वतःचा महोत्सव उभा केला. २०१५ चं बाख पारितोषिक आणि २०१८ चा ग्रामोफोन मासिकाचा वर्षातील सर्वोत्तम कलाकार हा मान, हे सगळं त्यानंतर. क्रम पाहा : आधी मित्रमंडळ, मग जागा, मग मान. बहुतेकांचा हाच क्रम असतो.

म्हणून प्रवेश घेताना संस्थेच्या नावाइतकंच, तिच्याभोवती तासाभराच्या अंतरात किती पथकं आहेत, हे मोजा. नेदरलँड्समध्ये हेगच्या आणि अॅम्स्टरडॅमच्या संगीत विद्यालयांचे प्राचीन संगीत विभाग आहेत, उट्रेख्टला १९८२ पासून दर उन्हाळ्याच्या शेवटी प्राचीन संगीताचा मोठा महोत्सव भरतो, आणि सगळं आगगाडीच्या टप्प्यात. शिवाय ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत बाखचं मॅथ्यू पॅशन ऐकण्याची त्या देशाला इतकी सवय आहे की ते गावोगाव होतं आणि वादक कमी पडतात. नवख्याला पहिलं काम अशाच वेळी मिळतं, कोणी तरी आजारी पडल्यावर, आदल्या संध्याकाळी. बाझेल ही अभ्यासाची पंढरी आहे, पण स्वित्झर्लंडची महागाई घरच्यांनी आधीच कागदावर मांडावी. त्याची भरपाई म्हणजे जर्मनी आणि फ्रान्स दोन्ही दाराशी. लंडनमध्ये अॅकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकपासून ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लाइटनमेंटपर्यंतच्या पथकांसाठी वाजवणारे लोक राहतात, त्यामुळे ऐकण्या-शिकण्याला तोटा नाही. न्यूयॉर्कला ज्युलियर्डमध्ये २००९ पासून चालणाऱ्या ऐतिहासिक वादनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात निवड झालेल्यांची पूर्ण फी माफ असते. जागा अर्थातच मोजक्या.

व्हिसाचा विचार लोक शेवटी करतात. आपल्याकडच्या मुलांनी तो आधी करावा, कारण मैफलीचं काम बहुतेक ठिकाणी नोकरी धरलं जात नाही, स्वतंत्र व्यवसाय धरलं जातं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि कलाकार म्हणून पैसे घेऊन सादरीकरणही करता येत नाही. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मान्य झालेली कामं तेवढी चालतात. म्हणजे पथकांनी गजबजलेल्या शहरात राहूनही शिकत असताना मानधनाची बोलावणी नाकारायची. जर्मनीत विद्यार्थ्याला नोकरी ठरावीक दिवस करता येते, पण मानधनावर वाजवायचं तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ती मिळते, फक्त आधी मागावी लागते. शिक्षण संपल्यावर काम शोधायला जर्मनी १८ महिने देते, नेदरलँड्स एक वर्ष, स्वित्झर्लंड सहा महिने. तुमचं मित्रमंडळ त्या मुदतीआधी जमलेलं हवं. हे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षी दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत. शुल्काबाबत : जर्मनीतली बहुतेक सरकारी संगीत विद्यालयं शिकवणी शुल्क घेत नाहीत, मात्र बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. फ्रायबुर्ग आणि ट्रोसिंगेन त्याच राज्यात येतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते, २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे.

बाविसाव्या वर्षापर्यंत बरोक व्हायोलिन हातात घेतलं नव्हतं म्हणून खचायचं कारण नाही. बहुतेक जण आधुनिक व्हायोलिनची पदवी करून मग दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी या विषयात घेतात. तोक्योत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले शुन्स्के सातो आधुनिक व्हायोलिनवर तयार झाले, मग इकडे वळले आणि २०१८ ते २०२३ नेदरलँड्स बाख सोसायटीचे कलाप्रमुख होते. बरोक व्हायोलिनवादक अँड्र्यू मॅन्झ केंब्रिजला ग्रीक-लॅटिन शिकले होते. इथे वळणाने आलेल्यांची संख्या मोठी आहे. उलट आठव्या ग्रेडनंतर आधुनिक शिक्षण अर्धवट सोडून थेट बरोकला जाणं मला धोक्याचं वाटतं. बीबर किंवा लोकातेल्ली वाजवायला हात पक्का लागतोच, आणि जुन्या वाद्याच्या आडून कच्चा हात झाकता येतो असं ज्यांना वाटतं त्यांचा भ्रम पहिल्या तालमीत जातो. भारतात राहून हात पक्का करायचा तर मुंबईत २००६ साली सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाभोवतीचे शिक्षक आहेत, पुण्यात आणि गोव्यात जुन्या परंपरेचे शिक्षक आहेत. पोर्तुगीजांच्या काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जात असे. त्या मुळाशी नातं सांगणारे शिक्षक आजही मिळतात. बरोकसाठी वेगळा नियमित वर्ग इथे शोधत बसण्यापेक्षा सुट्टीत युरोपातल्या एखाद्या उन्हाळी वर्गाला जावं. तिथे तुम्हाला कळेल हे आवडतंय का. तितकंच महत्त्वाचं म्हणजे ज्यांच्याकडे शिकायचं ते शिक्षक तुम्हाला पाहतील. प्रवेशपरीक्षेआधी शिक्षकाला भेटून एक तास घ्यायची तिकडे रीत आहे, त्याला वशिला समजू नका.

प्रवेशपरीक्षेची रचना संस्थेगणिक बदलते, पण साधारण अपेक्षा सारखीच : बाखच्या एकल रचनांतला एखादा भाग, कास्तेल्लो किंवा फोंताना यांच्यासारख्या सतराव्या शतकातल्या इटालियनाचा सोनाता, आणि काही तरी फ्रेंच. फ्रेंच रचना बहुतेकजण उरकून टाकतात. ती चांगली वाजवली तर परीक्षक मान वर करतात. ध्वनिमुद्रण पाठवायचं असेल तर मोठं चर्च शोधू नका, प्रतिध्वनीत गज ऐकू येत नाही. साथीला पियानो चालून जातो, पण चेंबालो मिळाला तर चांगलं. शक्य नसेल तर एकल रचनाच जास्त द्या. तयारीला ऐकायचं तर नेदरलँड्स बाख सोसायटीने २०१३ पासून बाखच्या सगळ्या रचना चित्रित करून विनामूल्य ठेवण्याचा प्रकल्प चालवला आहे. एका वादकाचा हात पाहण्यापेक्षा सगळं पथक एकत्र श्वास कसा घेतं ते त्यात पाहा.

कमाईचं गणित. पगारी नोकऱ्या अगदी थोड्या. टोरोंटोच्या टाफेलमुझिकसारखी कायमच्या वादकांचा गट ठेवणारी पथकं अपवाद. फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्रा, बर्लिनची अकादमी फ्युर आल्टे मुझिक ही वादकांनी स्वतः चालवलेली पथकं आहेत. तिथे सभासद होणं म्हणजे नफ्या-तोट्यात आणि बैठकांत भागीदार होणं. उरलेलं सगळं प्रकल्पावर : चार दिवस तालीम, तीन मैफली, तीन शहरं, मानधन आणि प्रवासखर्च. वर्षाची लय चर्चच्या पंचांगाप्रमाणे चालते. डिसेंबरमध्ये मसाया आणि ख्रिसमस ऑरेटोरियो, मार्च-एप्रिलमध्ये पॅशन, उन्हाळ्यात महोत्सव. जानेवारी आणि फेब्रुवारीचे काही आठवडे डायरी कोरी असते, आणि घरभाडं मात्र नसतं थांबत. त्यासाठी देशोदेशीच्या व्यवस्था समजून घ्या. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत ५०७ तासांचं नोंदलेलं काम दाखवलं की मधल्या रिकाम्या दिवसांचा भत्ता मिळतो. जर्मनीत क्युन्स्टलरसोत्सियालकासे ही स्वतंत्र कलाकारांची विमा योजना आहे. आरोग्य आणि निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा साधारण अर्धाच भाग कलाकाराने भरायचा असतो. उत्पन्नाचं हे वळण घरच्यांना आधीच समजावून सांगा. लग्नाच्या बोलणीत ‘पर्मनंट आहे का’ हा प्रश्न येणार आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच आहे.

बोलावणं कसं टिकतं? वेळेवर येणं, पेन्सिल सोबत असणं, अग्रवादकाचे गज निमूट उतरवून घेणं, दुसऱ्या व्हायोलिनला बसायला नाक न मुरडणं. मागच्या बाकावर बसून साथ करणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा फोन येतो. सोलो वाजवल्यासारखा चमकणाऱ्याला येत नाही. व्हायोला वाजवता आला तर कामं वाढतात, कारण व्हायोलावाले नेहमी कमी असतात. आधुनिक व्हायोलिन अजिबात सोडू नका. शिकवण्या, लग्नसमारंभ, आधुनिक ऑर्केस्ट्रातलं एखादं बदली काम यांवर पहिली चार-पाच वर्षं निघतात. ब्रुझची आणि यॉर्कची अशा नावाजलेल्या स्पर्धा आहेत. यॉर्कची तरुण पथकांसाठी असते आणि मला ती जास्त उपयोगी वाटते, कारण तिथे जिंको न जिंको, महोत्सवांचे आयोजक तुमचं पथक ऐकतात.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. ग्योबेल यांना १९९० मध्ये डाव्या हाताच्या बोटांवरचा ताबा गमवावा लागला. त्यांनी वाद्य उलट्या हाताने धरून पुन्हा शिकून घेतलं आणि वाजवत राहिले. त्यांच्या चिकाटीचं कौतुक करताना हेही पाहा की असा प्रसंग सर्वोच्च दर्जाच्या वादकावर येतो. चिनरेस्टशिवाय वाजवताना डावा अंगठा आणि खांदा आखडतो. दुखणं सुरू झालं की ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. शिक्षकाला दाखवावं आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

परत यायचं ठरवलं तर? भारतात केवळ बरोक व्हायोलिनवर उदरनिर्वाह होईल असं मी कुणाला सांगणार नाही. शिकवणं, ऑर्केस्ट्रातलं काम आणि वर्षातून युरोपची दोन-तीन कामं असं मिश्रण जमतं. जुन्या गोव्याच्या टेकडीवरच्या मोन्ते कपेलात होणाऱ्या संगीत महोत्सवासारखी ठिकाणं आहेत. त्या दगडी भिंतींत आतड्याच्या तारा फार छान वाजतात.

जाता-येताना वाद्य सामानात टाकू नका, हातातच न्या, आणि तारा थोड्या सैल करा. गजाबद्दल मात्र कागद जवळ ठेवा. बरोक गज बहुधा स्नेकवूडचे असतात. त्यावर निर्बंध नाहीत, पण आधुनिक गज पर्नांबुकोचा असेल तर ते लाकूड २००७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे. जुन्या गजाच्या टोकाला किंवा मुठीला हस्तिदंत असेल तर सीमेवर तो जप्त होऊ शकतो. म्हणून कारागिराकडून लाकूड, टोक आणि मूठ कशाची आहे हे लिहून, सही करून घ्या, आणि हस्तिदंताच्या जागी हाडाचं टोक बसवून घेणं परवडत असेल तर प्रवासाआधीच बसवून घ्या.